बिनतिकिटाची पाकिटं आणि सिस्टरांचा वाढदिवस

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. एस.टी.च्या सीटखाली शेंगांची टरफलं साचतात, तसे ते आपोआप साचतात. मी तीस वर्षं कंडक्टर होतो, त्या काळातल्या किश्श्यांचं पोतं निराळंच आहे. पण रिटायर झाल्यावर बीडमध्ये वैजनाथअप्पांच्या भांड्याच्या दुकानाच्या माडीवर दर रविवारी सकाळी आम्ही चौघं बसायला लागलो, आणि तिथं जे साचलं ते त्या पोत्यालाही भारी पडलं!

आम्ही जुनी पाकिटं जमवतो. त्यातही तिकीट नसलेली. पूर्वी मोठ्या कंपन्या हजारो पत्रकं एकदम पाठवायच्या. इतकी तिकिटं चिकटवत कोण बसणार? मग टपाल खात्याचा परवाना काढायचा, पैसे एकदम भरायचे आणि तिकिटाच्या जागी एक चौकट छापायची: टपालखर्च भरला, परवाना नंबर अमुक. तिकिटावर पोस्टाचा शिक्का बसतो, त्यात तारीख असते. या चौकटीवर पुष्कळदा शिक्काच नसतो. म्हणजे पाकीट हातात आहे, पण ते कधीचं ते सांगायला कुणी नाही. आमची सगळी मजा तिथंच सुरू होते.

बायकोला हे सगळं समजावून सांगितलं. ती म्हणाली, "जन्मभर बिनतिकिटाच्यांना खाली उतरवलं, अन् आता त्यांनाच घरात आणून बसवताव!"

*

माडीवर जायच्या जिन्याशी एक पितळी लोटा आहे. वर जाताना खिशातला पेन त्या लोट्यात टाकायचा, हा अप्पांचा कायदा. जुन्या पाकिटावर पेनानं एक ठिपका जरी पडला, तरी अप्पांच्या लेखी ते पाकीट मेलं!

हा कायदा झाला तो त्यांच्या जावयामुळं. दिवाळीला आलेले जावईबापू फोनवर बोलत होते. समोरच्यानं नंबर सांगितला, यांनी हाताला आलेल्या कागदावर निळ्या बॉलपेननं उतरवून घेतला. तो कागद म्हणजे अप्पांचं सगळ्यात जुनं परवान्याचं पाकीट!

अप्पा एक शब्द बोलले नाहीत. खरोखरच एक शब्द बोलले नाहीत. फराळ दिला, आहेर केला, गाडीत बसवून दिलं, सगळं मुक्यानं. फक्त निघताना जावयाच्या खिशातला तो बॉलपेन काढून घेतला. मुलीनं रडून विचारलं, "अप्पा, कावून असं करताव?" तर अप्पा म्हणाले, "जावयाचा मान हाय, म्हणून पेनच घेतला!"

*

आमच्यातले तांदळे सर इतिहास शिकवायचे. तारीख म्हटली की ते गप्प बसूच शकत नाहीत. एकदा त्यांनी एक पिवळं पडलेलं पाकीट आणलं, नाकाला लावलं, डोळे मिटले आणि जाहीर केलं, "निजामाच्या शेवटच्या दिवसांतलं आहे हे. वास घेऊन बघा!"

मग वीस मिनिटं भाषण. तेव्हाची टपाल व्यवस्था, तेव्हाचा कागद, तेव्हाची शाई. आम्ही पाळीपाळीनं वास घेतला. मलाही तो निजामाच्या काळातला वाटायला लागला होता.

वाघमारे सिस्टरांनी पाकीट उलटं केलं, पाठवणाऱ्याचा छापील पत्ता वाचला आणि अगदी साधेपणानं विचारलं, "सर, गावाच्या नावापुढं हे सहा आकडे कशाचे हो?"

पिनकोड! निजाम जाऊन वीसेक वर्षं झाल्यावर आलेला पिनकोड! सरांनी पाकीट परत घेतलं, पुन्हा एकदा हुंगलं आणि म्हणाले, "वास मात्र जुनाच आहे."

*

या वाघमारे सिस्टर आमच्यात कशा आल्या, तेही सांगतो. ग्रामीण रुग्णालयातून रिटायर झालेल्या, बोलायला मऊ, पण चूक दिसली की सोडायच्या नाहीत. अप्पांनी दुकानाच्या बोर्डावर खाली बारीक अक्षरात लिहून घेतलंय, "जुनी पाकिटं दाखवावीत." तो बोर्ड वाचून त्या आल्या. अप्पांना वाटलं गिऱ्हाईक. त्यांनी तीन कुकर काढून दाखवले.

"मला कुकर नको अप्पा," सिस्टर म्हणाल्या, "मला माझी जन्मतारीख पायजे."

आता यात एक गंमत अशी, की माझा वाढदिवस एक जून. अप्पांचा एक जून. तांदळे सरांचा एक जून. गुरुजी पोराला शाळेत घालताना उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला पोचतो का बघायचे. पोचला की लिही सहा वर्षं पूर्ण, लिही एक जून! सिस्टरांचाही एक जूनच. आम्ही हसून एकमेकांना टाळ्या दिल्या. सिस्टर हसल्या नाहीत.

"हजारो लेकरांच्या जन्माची वेळ मी मिनिटासकट लिहिली," त्या म्हणाल्या. "माझीच तेवढी मला माहीत न्हाई. घरात सांगणारं आता कुणी उरलं न्हाई. आई एवढंच म्हणायची, बिनतिकिटाचं पाकीट आलं, त्याच दिवशी तू आलीस."

आणि त्यांनी पिशवीतून ते पाकीट काढलं. नांदूरघाटच्या पत्त्यावर त्यांच्या वडिलांच्या नावानं मुंबईच्या एका बाजाच्या पेट्या विकणाऱ्या कंपनीनं पाठवलेलं. तिकिटाच्या जागी परवान्याची चौकट. मागं केजच्या पोस्टाचा पोचल्याचा शिक्का. शिक्क्यात तारीख बारा, महिना डिसेंबर, अगदी लख्ख. आणि वर्षाच्या जागी शाईचा गोळा!

अप्पांनी कुकर आत ठेवले. त्या दिवसापासून आमच्या मंडळाला खरं काम मिळालं.

*

त्याच कंपनीचं, वर्ष वाचता येईल असं दुसरं पाकीट मिळालं तर काम होणार होतं. कुणी सांगितलं, चौसाळ्याला एका किराणा दुकानदाराकडं जुन्या पाकिटांचा गठ्ठा आहे. मी आणि अप्पा गेलो. दुकानदारानं आधी "कोणत्या खात्याचे साहेब?" असं घाबरत विचारलं. मग ओळख पटल्यावर चहा पाजला आणि म्हणाला, "परवा या. नीट साफसूफ करून ठेवतो."

परवा गेलो. गठ्ठा तयार, धूळ पुसलेली, वर सुतळी बांधलेली. आणि एकूण एक पाकिटाचा उजवा वरचा कोपरा कात्रीनं कापलेला!

"तिकीट तर कशावरच नव्हतं," दुकानदार अभिमानानं म्हणाला. "नुसताच काळा छापा होता, घाण दिसत होता. तेवढा काढून टाकला. आता कशी कोरी दिसतात बघा!"

अप्पा मटकन पोत्यावर बसले. मी विचारलं, "ते कापलेले तुकडे कुठंयत?" त्यानं चुलीकडं बोट दाखवलं. आमचा चहा पुन्हा त्याच चुलीवर उकळत होता.

*

खरं पाकीट सापडलं ते कपिलधारला. अप्पांचं ते श्रद्धास्थान, वर्षातून एकदा जाणार म्हणजे जाणार. मी सोबत गेलो होतो. भजन चाललं होतं. एक म्हातारे गृहस्थ पेटी वाजवत होते. अप्पा पहिल्या रांगेत जाऊन बसले आणि थोड्या वेळानं बघतो तर पुढं झुकलेले, नजर एका जागी खिळलेली, डोळ्याची पापणी हलत नाही.

मागून बायका कुजबुजायला लागल्या, "अप्पाची समाधी लागली वाटतं!" एकीनं तर पायाला हात लावला.

भजन संपलं तशी अप्पांनी थेट पेटीवर झडप घातली. पेटीचा भाता कधीतरी फाटला होता आणि त्याच्या घडीवर जुन्या पाकिटाचं ठिगळ लावलं होतं. भाता उघडला की चौकट दिसायची, मिटला की गायब! अप्पा दीड तास तेच बघत होते.

वाजवणाऱ्या बाबांनी ते ठिगळ आनंदानं सोडवून दिलं, अप्पांनी भाता नवा करून दिला. कंपनी तीच, परवाना नंबर तोच. आणि दोन्ही चौकटींचा खालचा डावा कोपरा सारखाच तुटलेला! छापायचा ठसा तुटला तर कंपनी तो फार दिवस वापरत नाही, नवा करून घेते. म्हणजे दोन्ही पाकिटं एकाच हंगामातली. ठिगळावरही डिसेंबरातलाच शिक्का होता आणि त्यात वर्ष स्वच्छ वाचता येत होतं.

तांदळे सर ओरडले, "बारा डिसेंबर! मिळाली तारीख!" अप्पांनी पेढे मागवले. सिस्टरांनी पेढा हातात घेतला, पण खाल्ला नाही.

"शिक्का केजचा हाय," त्या म्हणाल्या. "नांदूरघाटला घरी कधी पोचलं, ते कुठं माहीत हाय?"

*

नांदूरघाटला तेव्हा टपाल वाटणारे हबीबचाचा अजून हयात आहेत, हे मला माझ्या जुन्या ड्रायव्हरकडून कळलं. मग आम्ही चौघं एस.टी.नं निघालो. चाचा नव्वदीला आलेले, अंगणात बाजेवर बसले होते. सिस्टरांनी वडिलांचं नाव सांगितलं आणि पाकीट त्यांच्या हातात दिलं.

चाचांनी ते डोळ्यांजवळ नेलं आणि एकदम म्हणाले, "हे? या पाकिटानं मला लई छळलं बघा!"

"कावून चाचा?"

"तिकीट न्हाई, काळी छापील चौकट, आत नंबर. मला वाटलं, कोर्टाचं हाय. तुझ्या बापाच्या घरी निघालतो, तर तुझी आई दारात बसलेली. दिवस भरलेले. आता पोरी, असल्या बाईच्या घरात कोर्टाचं पाकीट कसं टाकू? म्हनलं, आधी ती मोकळी होऊ दे, मग बघू. दप्तरात तळाला घालून ठेवलं."

सिस्टरांनी विचारलं, "मग दिलं कधी?"

"बाजारच्या दिवशी. सुईन डिंक घ्यायला बाजारात आलती. म्हनली, पहाटं पोरगी झाली, दोगी बी खुशाल हायत. तसाच उठलो अन् नेऊन दिलं."

"पहिलाच बाजार का दुसरा?"

"पहिलाच गं! आठ दिवस टपाल दाबून ठेवलं असतं तर नोकरी राहिली असती का माझी?"

तांदळे सरांनी मोबाइलमध्ये त्या वर्षाचा डिसेंबर काढला. बारा तारखेनंतरचा नांदूरघाटचा पहिला बाजार. "पंधरा," सर म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी तारीख हळू आवाजात सांगितली.

सिस्टरांचे डोळे भरून आले होते. "म्हणजे पाकीट आलं म्हणून मी त्या दिवशी आले, असं नव्हतंच," त्या म्हणाल्या. "मी आले म्हणून पाकीट आलं."

चाचांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. मग जपून विचारलं, "पोरी, बापाला कोर्टात जावं लागलं का गं? मी कधी विचारलं न्हाई. हिंमतच झाली न्हाई."

"चाचा, बाजाच्या पेटीचं पत्रक होतं ते! बाबा भीमगीतं म्हणायचे, त्यांनीच मागवलतं."

चाचांनी कपाळावर हात मारला आणि हसता हसता त्यांना ठसका लागला. आम्हीही हसलो, सिस्टर रडत रडत हसल्या. पाकीट त्यांच्या मांडीवर होतं.

अप्पा तेवढे हसले नाहीत. त्यांनी सदऱ्याच्या आतल्या खिशात हात घातला आणि जावयाचा तो निळा बॉलपेन काढला. बाजेच्या कडेवर दोन रेघा ओढून चालतो का बघितलं आणि सिस्टरांपुढं धरला.

"वरल्या डाव्या कोपऱ्यात तारीख लिहा," अप्पा म्हणाले. "जागा मोकळी हाय."