हात वर न करणारे

मी सगळ्यात जास्त ऋणी आहे तो माझ्या मावशीचा. जैनथच्या बाजारात भाजी विकून तिनं मला आदिलाबादच्या कॉलेजात शिकवलं.

शेवटच्या वर्षी तिथं उद्योजकतेवर बोलायला एक साहेब आले. "नोकरीवर लाथ मारून धंदा कोण करेल?" त्यांनी विचारलं. दुकानदारांच्या मुलांनी हात वर केले. साहेबांनी त्यांनाच प्रशिक्षणासाठी निवडलं आणि हात वर न केलेल्या आमच्या नावांपुढे 'अपयशाची भीती' असा शेरा मारला. टमाटे वाळवून विकायचा माझा बेत मी लिहून दिला होता, तो त्यांनी वाचलाही नाही. बापाच्या गल्ल्याला मुलाचं धाडस समजणाऱ्या त्या अडाण्यासाठी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, याची आजही लाज वाटते.

मावशीला फोनवर सांगितलं तर ती हसली. "खाली गादी असली तं उडी कोणीबी मारते रे बाबू. तू काऊन रडून राह्यला?"

पुढचं मला फोनवर बोलवेना, म्हणून मी पत्र लिहिलं:

"मावशी, मले भीती आहे हे खरं आहे. आपलं बुडालं तं तुलेच पुन्हा सारं उभं करा लागंल. तरी सुट्टीत वाळवणाची जाळी घेऊन येतो. एक उन्हाळा करून पाहू. तू नाई म्हणशील तं नोकरीचा अर्ज भरतो, अन् तोंड पाडून बसणार नाई."