ज्या रात्री अडीच वाजतच नाहीत

सी बुअज्जांना मी बारा वर्षं ओळखते आणि ते दमलेले नाहीत असा एक दिवस मला आठवत नाही. सफ्रू गावातल्या आमच्या डायलिसिस केंद्रातले कॉम्प्युटर ते सांभाळायचे आणि सगळे त्यांना आदराने 'सी' म्हणायचे. मी तुरिया, तिथली नर्स.

रमजानसाठी सरकार घड्याळ तासभर मागे घेतं आणि ईदनंतरच्या एका रविवारी पुन्हा पुढे ढकलतं. रात्री दोनचे एकदम तीन. बाकीच्यांची तासाची झोप जाते, आमचं पाणी जातं. पाणी शुद्ध करणारं यंत्र कॉम्प्युटर रोज रात्री अडीचला सुरू करायचा. साडेपाचला पाणी तयार, सहाला रुग्ण खुर्चीत. त्या रविवारी अडीच वाजतच नाहीत, मग यंत्र सुरू कोण करणार? ती वेळ बदलायचा पासवर्ड यंत्र बसवणाऱ्या कासाब्लांकाच्या कंपनीकडे. "अडीचऐवजी दीड करा" असा अर्ज सी बुअज्जा दरवर्षी द्यायचे, केंद्राचे साहेब दरवर्षी "बघू" म्हणायचे. मग त्या रात्री सी बुअज्जा स्वतः येऊन बटण दाबायचे.

यंदा ते निवृत्त झाले. निरोपाच्या चहाला त्यांनी पुन्हा तोच विषय काढला.

"अहो सी बुअज्जा, आता घड्याळ आपोआप बदलतं," साहेब म्हणाले.

"बदलतं ना! तोच तर घोळ आहे."

सगळे हसले. मीही हसले, त्याची मला अजून लाज वाटते.

ईदमुळे दरवर्षीप्रमाणे पाळ्या पुढे गेल्या होत्या, म्हणून त्या रविवारीही केंद्र उघडं होतं. आमची जुनी रुग्ण खाल्ती तामू, म्हणजे तामूमावशी, हिचं डायलिसिस होऊन चार दिवस झालेले. पाय सुजलेले, दोन शब्द बोलली की धाप. तिला खुर्चीत बसवलं आणि बघते तर पाण्याची टाकी रिकामी.

सकाळी मागच्या दाराने आलेली मी पहारेकऱ्याला विचारायला पुढच्या फाटकाकडे धावले. तिथल्या बाकावर सी बुअज्जा बसलेले, डोळे लाल.

"तुम्ही इथे? कधीपासून?"

"दोनच्या आधीपासून. तुला सात फोन केले, पोरी."

माझा फोन घरी स्वयंपाकघरात चार्जिंगलाच राहिला होता.

"आत का नाही आलात?"

"हा पहारेकरी, यादीत नाव नाही म्हणाला. मी सांगितलं, बाबा, आज अडीच वाजणार नाहीत. तर म्हणतो कसा, हाजी, घरी जाऊन झोपा."

पहारेकरी मान खाली घालून उभा होता. त्याला तरी काय बोलणार!

सी बुअज्जांनी आत येऊन बटण दाबलं, पण पाण्याला तीन तास लागतातच. तेवढा वेळ खाल्ती तामूकडे नव्हता. आम्ही तिला रुग्णवाहिकेतून फेस शहरातल्या मोठ्या रुग्णालयात पाठवलं. जाताना ती माझा हात सोडत नव्हती. सोमवारी दुपारी तिच्या मुलाचा फोन आला. ती गेली होती.

मंगळवारी साहेबांनी कासाब्लांकाला फोन लावला. तिकडच्या मुलीने बसल्या जागेवरून अडीचचे दीड केले. मी शेजारीच उभी होते. दोन मिनिटंही लागली नाहीत.

संध्याकाळी मी सी बुअज्जांना कळवलं.

"दोन मिनिटं?" त्यांनी विचारलं.

"हो."

"नीट बघितलंस ना, तुरिया? दोनच?"