भेगेवरची काच

आमच्या गल्लीतला गवंडी पायाच्या बाबतीत भलता हट्टी. खाली कडक मुरूम लागेपर्यंत खणू दिलं नाही, तर मालकासमोर थापी आपटून चालता व्हायचा.

नरमला तो फक्त धाकट्या बहिणीचं घर बांधताना. भाड्याच्या खोलीत तिचा जीव गुदमरत होता. मागच्या कोपऱ्यात जुन्या खड्ड्याचा भराव निघाला, तरी "आपलंच घर आहे, चालून जाईल" म्हणत त्याने त्या भुसभुशीत मातीवरच काँक्रीट ओतलं.

वर्षभरात तिथेच भिंतीला तिरकी भेग पडली. त्याने भेगेवर आडवी काचेची पट्टी चिकटवली. पाया अजून खचत असेल तर ती तडकणार, हे त्याने बहिणीला सांगितलंच नाही. त्या घरी जेवायला मात्र तो थांबेना.

परवा गेला, तर बहीण दारातच ओशाळून उभी. "दादा, रागावू नकोस हं. जळमटं काढताना माझ्या हातून काच तडकली. मेली माझी धांदल!"

काच बरोबर भेगेच्या रेषेत तुटली होती. केरसुणीने अशी तुटत नाही. खरं सांगायला त्याने तोंड उघडलं.

"असू दे गं," तो म्हणाला, "पुढच्या वेळी जरा जपून."