थाई क्लासातला माझा हेल

"आजी, आपण नुसते ओठ हलवाल का? रेकॉर्डिंग करतेय."

कोथरूडच्या थाई क्लासात, सगळ्यांसमोर, मॅडम मला म्हणाल्या. अगदी गोड आवाजात.

आधी एकेकानं उभं राहून वाचायचं होतं, मग रेकॉर्डिंगसाठी सगळ्यांनी मिळून. मी लहानपणापासून विहारात वंदना म्हणत आलेली. कागद हातात आला की माझं वाचन आपोआप त्या चालीवर जातं. थाईसुद्धा गेलं. पहिल्याच ओळीला. हिंजवडीच्या कंपन्यांतली पोरं खिदळली. "साधू, साधू," मागून एकजण.

मॅडमनी तिथंच थांबवलं आणि ते ओठांचं म्हणाल्या. सत्तरीची बाई मी, आणि शाळकरी पोरीसारखी लगेच खाली बसले. कारण हे मी आधी ऐकलं होतं.

कसबा पेठेतली शाळा. गॅदरिंगचं समूहगीत. बाई म्हणाल्या, "तू उभी राहा, पण आवाज काढू नकोस. तुमच्या वस्तीतला हेल गाण्याला लागतो." आणि मी काय केलं? ओठ हलवले. असे झकास हलवले की पाहुण्यांना वाटलं असेल, हीच मुख्य गायिका. वर घरी येऊन आईला ऐटीत सांगितलं, माझं गाणं छान झालं. येडी कुठली! पुढं ऑफिसातल्या मीटिंगमध्ये, मुलाच्या शाळेत, सगळीकडे तोच धंदा. तोंड हलतंय, आवाज नाही.

ज्या हेलावरून जन्मभर बोलणी खाल्ली, तोच शिकायला आता क्लास लावलेला. माझी सून थाई. मुलगा तिकडंच, बँकॉकला. चार वर्षांच्या नातीला आईचीच भाषा कळते. पुढच्या आठवड्यात ती येणार, गोष्टीचं पुस्तक घेऊन, आणि मी वाचून दाखवायचं.

थाईत हेल चुकला की शब्दच बदलतो. 'मा' सरळ म्हटलं तर 'ये'. तळातून वर चढवलं तर 'कुत्रा'. अक्षरांचे वर्ग तीन: वरचा, मधला, खालचा. (म्हटलं, इथंही आहेच का!) डोक्यावरची बारीक रेघ तीच, पण वरच्या वर्गाच्या अक्षरावर आली की आवाज खाली राहतो, खालच्यावर आली की उंचावरून कोसळतो. हे मोठ्यानं चुकल्याशिवाय आणि कुणी दुरुस्त केल्याशिवाय येत नाही.

मॅडम पुढच्या मुलीकडे वळल्या. मी परत उठले. भीती गेली नव्हती, खोटं कशाला सांगू.

"मॅडम, माझी पाळी राहिलीय."

"आजी, वेळ कमी आहे हो."

"मग लवकर लवकर चुकते."

वाचलं. "मा हा या." आजीकडे ये. 'मा' सरळ आला. 'हा' वर चढला. 'या' कोसळायला हवा होता, तो वंदनेसारखा लांबला. मागचा पुन्हा हसला.

"कुठं चुकलं, सांगा."

त्यांनी सांगितलं. नाइलाजानं. मी पुन्हा म्हटलं. पुन्हा चुकलं. पुन्हा विचारलं.

उद्याही क्लास आहे. मी पहिल्या बाकावर बसणार, सगळ्यांच्या आधी उभी राहणार, आणि शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं चुकणार.