कोरा रकाना

खैरुन्निसाच्या झेरॉक्स मशीनपाशी मुलं जितकं बोलत, तितकं शेजारच्या समुपदेशन कक्षात कुणी बोलत नसे. कुवेतमधल्या या युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत तिला अकरा वर्षं झाली होती. मूळची हर्णैची. कागद सारखे करता करता विचारायची, "काय गो, जेवलीस?" आणि पोरी आपसूक मोकळ्या व्हायच्या.

समिधा मात्र होईना. इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष. सकाळी बाबा तिला गेटवर सोडून शुऐब्याच्या कारखान्यांकडे कामावर जात, आणि ही लेक्चरला न जाता लायब्ररीतल्या कोपऱ्यात टेबलावर डोकं टेकून बसे. महिना झाला होता.

"बरं नाय काय?"

"आय अ‍ॅम फाइन, आंटी."

"फाइन माणसं अशी बसतात होय?"

रविवारी समिधा प्रिंट काढायला आली. कोर्स सोडण्याचा अर्ज होता. मुदत गुरुवारपर्यंत.

"बाबांना ठाऊक हाय?"

समिधाने मान हलवली. नाही.

"मग शेजारच्या मॅडमना तरी भेट."

"त्यांच्या भेटीचा फॉर्म आणलाय कधीचा." तिने बॅगेतून घडी पडलेला कागद काढला. सगळा भरलेला, फक्त सिव्हिल आयडीचा, म्हणजे इथल्या सरकारी ओळखपत्राच्या नंबरचा, रकाना कोरा. "हा नंबर लिहिला की सगळं बाबांच्या इकाम्यापर्यंत, इथं राहायच्या परवान्यापर्यंत जाणार ना? मुलगी मेंटल आहे म्हणून."

"कोण म्हणालं असं?"

"तुम्हीच. पहिल्या दिवशी सगळ्यांना सांगितलंत, सिव्हिल आयडी कुठेही लिहू नका, कागद कुठवर फिरेल सांगता येत नाही."

खैरुन्निसाचा हात मशीनच्या झाकणावरच राहिला. सांगितलं होतं खरं. तिच्या नवऱ्याच्या, यूसुफच्या नंबरावर कुणीतरी फोनचं कनेक्शन काढलं होतं. ते निस्तरायला आठ महिने खेटे घालावे लागले. तेव्हापासून ती दिसेल त्या मुलाला बजावत असे.

ती फॉर्म घेऊन तडक शेजारच्या खोलीत गेली. झरीन मॅडम एकट्याच बसल्या होत्या. नेहमीसारख्याच.

"हा नंबर कशाला लागतो तुम्हाला?"

मॅडमनी चष्मा वर केला. "दवाखान्याच्या फॉर्मवरून उतरवलाय तो. रकाना तसाच राहिला. मला नाव पुरतं, आणि तेही या कपाटाबाहेर जात नाही. जिवाला धोका असेल तरच घरी कळवते, तेही मुलाला सांगून."

"मग तसं लिहून का नाय लावलं?"

"कुणी विचारलंच नाही. मला वाटायचं, मुलांना गरजच नाही."

खैरुन्निसाने मशीनपाशी परत येऊन मॅडमचं म्हणणं समिधाला सांगितलं. मग एका कोऱ्या फॉर्मवर त्या रकान्यापुरती कागदाची पट्टी ठेवली आणि झाकण लावलं. नव्या प्रतीवर तो रकाना नव्हता. समिधाने त्यावर नुसतं नाव लिहिलं.

"तुम्ही याल आत?"

"मी आले तर तू माझ्याच तोंडाकडे बघत बसशील. जा गो बाय. अर्ज इथं ठेव, गुरुवार पळून नाय जात."

तासाभराने समिधा बाहेर आली. डोळे सुजलेले. अर्ज मागून घेतला, घडी घालून बॅगेत ठेवला.

"आज देत नाही. बुधवारी बाबांना बोलावलंय. मॅडमसमोरच सांगणार आहे. सोडेन किंवा नाही सोडणार, पण सांगून."

"येतील?"

"चिडतील आधी. मग येतील."

ती गेल्यावर खैरुन्निसाने पन्नास प्रती काढून काउंटरवर ठेवल्या. रांगेतला पहिला मुलगा नोट्स पुढे करत होता. त्याच्या हातात तिने आधी फॉर्म दिला.

"नंबराचं मी बोलले होते ना, ते इथं लागू नाय. चुकलं माझं."