मेहुण्याची चप्पल आणि मागे घेतलेला लेख

तहसील कचेरीच्या फाटकाबाहेर कडुलिंबाखाली माझे टेबल आहे. माझे शालेय शिक्षण नववीत थांबले. तथापि वारसनोंदीपासून वनहक्काच्या दाव्यापर्यंत या तालुक्यातील कोणताही अर्ज माझ्या मसुद्याशिवाय भक्कम होत नाही, हे कचेरीतील बाबू लोकही खाजगीत मान्य करतात. समोर बसलेला मनुष्य अर्धी हकीकत लपवीत आहे, असे गृहीत धरूनच मी लेखणी उचलतो. या सवयीने माझे कधी नुकसान झालेले नाही.

ती बाई आपल्या काकांना घेऊन आली, तेव्हा मी प्रथम तिच्यावरच संशय घेतला. वैनगंगेकाठच्या एका गावातील हे कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या मामा तलावात, म्हणजे जुन्या मालगुजारी तलावात, मासे धरणारे. ती मात्र पीएच.डी.ला पोहोचली होती आणि तिचा प्रबंध याच तलावांवरील चालीरीतींवर होता. विद्यापीठाच्या संगणकाने तो तपासला आणि त्यातील एक संपूर्ण प्रकरण उसने असल्याचा शेरा दिला. तेच प्रकरण, जवळजवळ वाक्यास वाक्य, तिच्या महाविद्यालयातील एका प्राध्यापकाच्या नावाने एका संशोधन-पत्रिकेत अगोदर छापून आले होते. प्रबंध अडकला. चोरी सिद्ध झाली तर तो फेटाळला जाणार होता.

"मी चोरली नाई जी, भाऊ. सरांनी तपासतो मनून पेनड्राइव्हवर माहा मसुदा घेतला होता," ती म्हणाली.

"आणि सर काय म्हणतात?"

"मनतात, मीच तुले माही टिपणं वाचाले दिल्लो होतो."

पेनड्राइव्हला आवक-जावक क्रमांक नसतो. ज्याचा कागद आधी दाखल, त्याची बाजू वरचढ, हा कचेरीचा न्याय. आणि छापील तारीख सरांच्या बाजूने बोलत होती. मी तिला स्पष्ट विचारले, "बाई, दोघांपैकी एक जण खोटा आहे. तो तूच कशावरून नाहीस?"

काका उसळले. "काऊन जी, आमची पोरगी तुमाले चोर दिसून राह्यली का?"

"मला सगळेच दिसतात," मी म्हणालो, आणि तिने आणलेला सरांचा लेख मोठ्याने वाचू लागलो. अर्जदारासमोर विरुद्ध पक्षाचा कागद वाचावा आणि वाचताना कागदाकडे कमी, चेहऱ्याकडे जास्त पाहावे, अशी माझी रीत आहे.

लेखात लिहिले होते, 'हंगामातील पहिले जाळे टाकण्यापूर्वी मासेमार आपल्या मेहुण्याची चप्पल तलावात बुडवतो. विवाहसंबंधातून येणाऱ्या देवाणघेवाणीचे हे प्राचीन प्रतीक होय.'

काकांना ठसका लागला. मला वाटले, तंबाखू घशात गेली. पण ते हसत होते. हसता हसता त्यांनी बाकाची कड धरली.

"अरे बापा! हे पुस्तकात छापलं?"

"का हो? अशी प्रथा नाही?"

"कायची प्रथा! माह्या साळ्याची चप्पल डोंग्यातून पडली पाण्यात. थो बसला होता तोंड फुगवून. तवाच ही पोरगी इचारे, काका, हे काऊन केलं? मी मनलो, लिव, लिव, आमच्यात असंच करतात. मेहुण्याची नाई बुडवली त जाळ्यात मरळ मासा येत नाई."

तिने खाली मान घालून बाकीचे सांगितले. पहिल्या मसुद्यात तिने ते खरे मानून लिहिले होते. पुढे काकूने हकीकत सांगितल्यावर प्रबंधातून गुपचूप काढून टाकले. सरांनी उचलला तो पहिला मसुदा. त्यांनी फक्त 'प्राचीन' आणि 'प्रतीक' हे शब्द पदरचे घातले होते.

माझा संशय त्या क्षणी तिच्यावरून सरांकडे वळला. "हाच आपला पुरावा," मी म्हणालो. "ही प्रथा तुझ्या पहिल्या मसुद्याबाहेर जगात कुठेच नाही."

"नाई जी, भाऊ. हे नका लिहू. आपल्याच काकानं बनवलं, आन मले समजलं नाई, हे मी संपादकाले सांगू? तोंडी परीक्षेत हासतील मले."

"हसू देत. हसणारे तुला मूर्ख म्हणतील. आता चोर म्हणतात."

तिने चपलेच्या वाक्यावर बोट ठेवले. मग म्हणाली, "लिवा."

मी काकांचे प्रतिज्ञापत्र केले आणि संपादकांस अर्ज लिहिला. त्यात एकच मागणी ठळक ठेवली: ही प्रथा आपणांस कोणी, कोणत्या गावी सांगितली, एवढे लेखकाने लेखी कळवावे.

काही दिवसांनी सर स्वतः माझ्या टेबलाशी आले. नमस्कार केला, चहा सांगितला. विरुद्ध पक्ष चहा सांगतो तेव्हा मी पेला उचलत नाही. "आपसात मिटवू," ते म्हणाले. "तिचं नाव सहलेखक म्हणून टाकतो. अर्ज मागे घ्या."

ती शेजारीच उभी होती. "सर, मंग ज्या गावात तुमी आलेच नाई, तिथली चप्पल आपण दोघांनी मिळून पाह्यली, असं सांगाचं का मी?"

सर चहा अर्धा टाकून गेले.

पत्रिकेने लेख मागे घेतला. आम्ही संगणक केंद्रात जाऊन पाहिले, तर लेख जागच्या जागी होता. फक्त प्रत्येक पानावर आडवा लाल शिक्का उमटला होता. आमच्या कचेरीत रद्द झालेला कागद पुन्हा दृष्टीस पडत नाही, त्यामुळे मला हे लबाडीचे वाटले. केंद्रचालकाने सांगितले की पत्रिकांची पद्धतच तशी आहे, वाचणाऱ्याला दोष दिसावा म्हणून. मी ते ऐकून घेतले, परंतु शिक्क्याखालची सूचना स्वतः वाचली. तिच्यात एवढेच होते: 'लेखकाच्या विनंतीवरून मागे घेण्यात येत आहे.'

माझा संशय व्यर्थ नव्हता. लेख कोणाचा होता, याविषयी तीत अवाक्षर नव्हते. विद्यापीठानेही नेमके त्यावरच बोट ठेवले: लेखकाने आपला लेख मागे घेतला, यावरून तुमचा मजकूर तुमचा कसा ठरतो?

दुसरा अर्ज मी कठोर भाषेत लिहिला. लेख मागे घेण्याचे कारण सूचनेत नमूद करावे, अन्यथा पत्रिका ते लपवीत आहे असे समजण्यात येईल, हे वाक्य मी तिच्या विनवण्या न जुमानता ठेवले. सूचना बदलली. तीत आता लिहिले होते की मजकूर एका संशोधक विद्यार्थिनीच्या मसुद्यातून तिच्या संमतीविना घेतला होता आणि लेखकाला आपल्या क्षेत्रकार्याचा पुरावा देता आला नाही.

त्यानंतर विद्यापीठाचे पत्र घेऊन ती आली. चोरीचा शेरा काढला होता, प्रबंध तोंडी परीक्षेसाठी स्वीकारला होता. काका पेढे घेऊन उभे होते. मी त्यांना थांबवले आणि पत्र पुन्हा पुन्हा वाचले. 'तूर्त', 'अधीन राहून', 'यथावकाश' असले, मागाहून माणसाचा गळा धरणारे शब्द मी शोधत होतो. एकही सापडला नाही.

"आता त पेढा घ्या, भाऊ," ती म्हणाली.

मी घेतला. पण परीक्षा होईपर्यंत पत्राची मूळ प्रत कोणाच्याही हाती द्यायची नाही, मागणारा कितीही ओळखीचा असो, हे तिच्याकडून कबूल करवूनच घेतला.