सोनाली फोनवर काय म्हणाली होती

हे मंदाला, म्हणजे माझ्या बायकोला, माहीत नाही. सोनालीला तर नाहीच — आणि गोष्ट तिचीच आहे. देवापुढे उभा राहतो तेव्हासुद्धा मी ह्या विषयाला बगल देतो. पोरीला सुखी ठेव, एवढं म्हणून घंटा वाजवतो आणि चपला शोधायला लागतो. आज तुमच्याजवळ बोलून बघतो. जमेल का, सांगता येत नाही. पण एकट्याने वागवून वागवून दमलोय मी आता.

कुठून सुरुवात करू? माझ्यापासूनच करतो, कारण खोट माझ्यातच आहे.

मी सिन्नरला एका सरकारी कचेरीत कारकून होतो. नाशिक रोडहून रोज एसटीने जायचं, एसटीने यायचं. साहेब बदलत गेले, मी आणि कपाटं तिथेच. निवृत्त झालो तशी कॉलनीतली माणसं घरी यायला लागली. कुणाला पासपोर्ट काढायचा, कुणाची पेन्शन अडलेली, कुणाच्या सुनेचं आधार कार्डावर अजून माहेरचंच नाव. मी चष्मा पुसून बसायचो आणि फॉर्म भरून द्यायचो. शेजारचे देवरे म्हणायचे, "अण्णांनी भरलेला फॉर्म यमाच्या दारातूनसुद्धा परत यायचा नाही." मी हसण्यावारी न्यायचो. आतून मात्र सुखवायचो — आता खोटं कशाला बोलू? तेवढ्या एका गोष्टीवर मी कॉलनीत ताठ मानेने चालायचो. बाकी सांगण्यासारखं माझ्याकडे होतं तरी काय?

सोनाली आमची एकुलती एक. अंबडला एका कंपनीत नोकरी करायची. स्थळ आलं ते निखिलरावांचं. माणसं मूळची इकडचीच, पण त्यांचे वडील फार पूर्वी अमेरिकेत गेलेले, मुलगा तिथेच जन्मलेला, तिथलाच नागरिक. मराठी बोलायचा, जरा अडखळत, पण मनापासून. दोघं भेटले, आवडले. लग्न मे महिन्यात ठरलं. पण तिकडचे कागद लवकर सुरू करायचे तर लग्नाचा दाखला हातात हवा, म्हणून निखिलराव जानेवारीत सुट्टी काढून आले आणि आम्ही रजिस्ट्रार कचेरीत जाऊन आधी नोंदणी उरकून घेतली. दोन हार, पावशेर पेढे, तीन साक्षीदार.

आता हे नीट ऐका, कारण सगळं इथेच अडकलंय. त्या दिवसाला आमच्या घरात कोणी लग्न म्हटलं नाही. 'सह्या' म्हटलं. "सोनालीच्या सह्या झाल्या, लग्न मे महिन्यात आहे," असंच मंदा सगळ्यांना सांगायची. अक्षता पडल्या नव्हत्या ना! मंगळसूत्र नव्हतं, सप्तपदी नव्हती. संध्याकाळी निखिलराव त्यांच्या मावशीकडे मुक्कामाला गेले आणि सोनाली आमच्याकडे भाकरी खाऊन आपल्या खोलीत झोपली. लग्न झालेली मुलगी अशी असते का? आम्ही तरी तिला तसं धरलं नाही.

मग फेब्रुवारीत निघालं की निखिलरावांच्या आजीला नातसून बघायची आहे. म्हातारी तिकडेच, विमानात बसण्यासारखी राहिली नव्हती. सोनालीने लग्नाआधी पंधरा दिवस जाऊन यावं, असं ठरलं. त्यासाठी फिरायला जाण्याचा व्हिसा. फॉर्म कोण भरणार? मीच की.

त्याच आठवड्यात सिन्नरचा माझा चुलतभाऊ गंगाधर घरी आला होता. त्याच्या मेव्हण्याची पोरं तिकडे आहेत, त्यामुळे त्याला सगळंच कळतं. चहा बशीत ओतत तो म्हणाला, "भाऊ, नवरा तिकडचा हाय असं लिव्हलं तं व्हिसा नाय द्यायचे ते. पोरगी गेली तं परत येती का नाय, त्यांना शंका. सिंगल टाका. आक्षता कुठं पडल्यात आजून?"

मी विषय बदलला. पण ते डोक्यात बसलं.

म्हणजे बघा — अक्षता पडल्या नव्हत्या म्हणून मी साधेपणाने चुकलो, असं मला म्हणता आलं असतं. खूप वर्षं मी स्वतःशी तेच म्हणत आलो. पण जन्मभर सरकारी कागद हाताळलेला माणूस मी. दाखला म्हणजे काय, हे मला कळत नव्हतं? दाखल्यावर तारीख होती, शिक्का होता, साक्षीदारात माझी स्वतःची सही होती.

तरीसुद्धा फॉर्म भरताना त्या रकान्यापाशी थांबलो. घरात कोणी नव्हतं, मंदा भिशीला गेली होती. मी सोनालीला ऑफिसात फोन लावला. ती घाईत होती, हळू आवाजात बोलत होती. विवाहित की अविवाहित, असं मी विचारलं. ती म्हणाली, "सह्या झाल्यात ना पप्पा आपल्या? मग मॅरिड टाका की."

मी बरं म्हणालो. फोन ठेवला. आणि सिंगल टाकलं.

पुढे एक प्रश्न होता, फॉर्म भरायला कोणाची मदत घेतली का, असा. तिथे मी 'नाही' टाकलं. एक खोटं ठेवलं की त्याला टेकू द्यायला दुसरं लागतंच. संध्याकाळी सोनाली आली तेव्हा लॅपटॉप तिच्यापुढे फिरवला आणि बघून घे म्हटलं. तिने फोटो बघितला, पासपोर्टचा नंबर पडताळला, बटण दाबलं. बाकीचं कशाला बघेल? फॉर्म पप्पांनी भरला होता.

व्हिसा मिळाला. गंगाधरला मी पेढे पाठवले. सोनाली जाऊन आली, म्हातारीने तिला स्वतःच्या पाटल्या दिल्या. मे महिन्यात वाजतगाजत लग्न झालं. मग निखिलरावांनी बायकोला कायमचं नेण्यासाठी तिकडे अर्ज केला. इथे एक गंमत सांगतो — गंमत कसली म्हणा. त्या कागदांत माझी मुलगी म्हणजे 'परदेशी पत्नी'. नाशिक रोडला जन्मलेली, इथल्याच शाळेत शिकलेली पोर, परदेशी! आम्ही त्यावर खूप हसलो होतो. तेव्हा हसू येत होतं.

दीडेक वर्षाने अमेरिकन वकिलातीतून मुलाखतीचं बोलावणं आलं. सोनालीने नोकरीचा राजीनामा दिला, बॅगा आणल्या, मंदाने मेतकूट आणि कुळथाचं पीठ बांधून ठेवलं. मी तिला घेऊन मुंबईला गेलो. तासाभराने ती बाहेर आली तेव्हा हातात एक कागद होता आणि चेहरा पांढरा पडला होता. जुना फॉर्म त्यांच्याकडे होताच. लग्नाचा दाखला जानेवारीचा, आणि फेब्रुवारीत तुम्ही स्वतःला अविवाहित म्हणवता? खोटी माहिती देऊन व्हिसा घेतला, म्हणून आता प्रवेश नाही. एकच वाट — वेव्हर. म्हणजे माफीचा अर्ज.

परतीच्या गाडीत ती खिडकीशी बसली होती. घाट चढून गाडी इगतपुरीला थांबली. तेव्हा तिने विचारलं, "पप्पा, मी त्या दिवशी फोनवर नक्की काय म्हणाले होते?"

तिला खरंच विचारायचं होतं. आवाजात आरोप नव्हता. तिला वाटत होतं ती मॅरिड म्हणाली, पण ती माझ्याकडून खात्री करून घेत होती.

आता सांगतो. इथपर्यंत आलोय तर सांगूनच टाकतो.

मी म्हणालो, "तूच म्हणालीस की, सिंगल टाका म्हणून."

इतकंच वाक्य. ते बोलताना माझी जीभ जरासुद्धा अडखळली नाही. मी तिच्याकडे बघितलंसुद्धा. तिने हातातला कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. नाशिक रोड आल्यावर बॅग उचलत म्हणाली, "असेल. मी घाईत होते ना."

का बोललो मी असं? अण्णांनी भरलेला फॉर्म परत आला, हे देवऱ्यांना कळेल म्हणून? जावई काय म्हणेल म्हणून? एवढ्याशा गोष्टीसाठी? हो, एवढ्याशाच गोष्टीसाठी. मोठं कारण असतं तर मला तरी जरा बरं वाटलं असतं.

त्यानंतरची पावणेचार वर्षं ती आमच्या घरी होती. वेव्हर म्हणजे काय भानगड असते, हे तुम्हाला न कळो. बायको आली नाही तर नवऱ्याचे किती हाल होतात, हे नवऱ्याने सिद्ध करायचं. आपल्याकडे दुःख चारचौघांपासून झाकतात. तिथे ते नंबर घालून, पुरावे जोडून पाठवायचं. झोप लागत नसल्याचं डॉक्टरांचं पत्र, रक्तदाबाचे कागद, फोनची बिलं. पाठवलं की वाट बघायची. मध्येच आणखी काहीतरी मागायचे. पुन्हा वाट. सोनाली रोज सकाळी केसचा नंबर टाकून बघायची आणि मग दात घासायला जायची.

तिकडच्या वकीलबाई एकदा व्हिडिओवर तिच्याशी बोलत होत्या. मी समोरच, पण पडद्यात दिसणार नाही असा बसून मटार सोलत होतो. त्यांनी विचारलं, फॉर्म कोणी भरला होता? वडिलांनी, पण मी फोनवर सांगितलं तसाच, असं सोनाली म्हणाली. बाई म्हणाल्या, वडिलांनी स्वतःच्या मनाने चुकीचं भरलं असेल तर त्यांनी तसं प्रतिज्ञापत्र द्यावं, तुमच्यावरचा ठपका हलका होईल. नाही, चूक माझीच आहे, असं म्हणताना सोनालीने माझ्याकडे बघून मान हलवली. जणू मला धीर देत होती. मी मटार सोलत राहिलो.

त्यावर कडी म्हणजे तिचा माफीचा जबाबही मीच लिहून दिला. भाषा माझी चांगली ना. 'मी ही माहिती माझ्या स्वतःच्या सांगण्यावरून भरून घेतली, त्याबद्दल मला मनापासून पश्चात्ताप होत आहे.' पश्चात्ताप शब्दात दोन 'त' येतात, हे मी तिला समजावून सांगितलं. तिने त्याचं इंग्रजी केलं, आणि नोटरीकडे तिला मीच स्कूटरवर घेऊन गेलो.

निखिलराव वाईट नाहीत. पण माणूसच ते. दुसऱ्या वर्षी इकडे आले होते तेव्हा बंद दारामागून ऐकू आलं — तेव्हा तू मला नवरा मानत नव्हतीस का, असं विचारत होते. सोनाली म्हणत होती, मला खरंच आठवत नाही मी असं का म्हणाले. दोनदा म्हणाली. त्यानंतर दीड वर्ष ते आले नाहीत. फोन आठवड्यावर गेले. एकदा तर काडीमोडापर्यंत गोष्ट आली. मंदा रडून रडून आजारी पडली, आणि मी तिला दवाखान्यात नेत होतो, औषधं आणत होतो, सगळं करत होतो. एक वाक्य तेवढं बोलत नव्हतो.

आणि सोनाली बदलली. बाहेर पडताना दोनदा, तीनदा गॅस बघायची. कुलूप लावून जिन्यात जायची, परत वर यायची. भाजीवाल्याने सुटे पैसे दिले का नाही, हे मंदाला विचारायची. मंदाला वाटलं पोरीला टेन्शनमुळे विसरायला होतंय. तिने रोज रात्री बदाम भिजत घालायला सुरुवात केली. सकाळी सोनाली सालं काढून ते गुमान खायची. मला माहीत होतं की तिची स्मरणशक्ती ठणठणीत आहे. तिला त्या फोनमधला शब्दन् शब्द बरोबर आठवत होता, आणि ती माझ्यावर विश्वास ठेवून स्वतःला खोटं पाडत होती. मी समोर बसून पेपर वाचायचो.

केस चालू होती तेव्हा म्हणायचो, आता बोललो तर कागदांत नवा घोळ होईल. माफी मंजूर झाल्यावर म्हणालो, आता कशाला जुनं उकरायचं? ती गेली, तेव्हा म्हणालो, संसार नुकता सावरतोय. कारण दर वर्षी नवं मिळत गेलं. त्यातलं एकही आज तुमच्यापुढे ठेवत नाही.

ती आता तिकडे आहे. दोघांचं बरं चाललंय म्हणतात. पूर्वीसारखं नाही, पण बरं. मुलगी झालीय, दोन वर्षांची.

परवा रविवारी व्हिडिओवर बोलत होती. नात कुठेतरी पडली, पाय मुरगळला, त्यावरून तिला आठवलं. म्हणाली, "पप्पा, मी पाचवीत असताना शाळेत पाय मुरगळला होता ना, तेव्हा तुम्ही आला होतात ना न्यायला? सायकलवर? मला वाटतं, तुमच्या रुमालाने पाय बांधला होता."

मंदा मागून म्हणाली, "अगं, तुझा मामा आला होता तेव्हा. पप्पा कचेरीत होते."

मामा नव्हता. मी होतो. अर्ध्या दिवसाची रजा टाकून आलो होतो सिन्नरहून. शाळेपासून घरापर्यंत सायकल हातात धरून चालत आणली होती, ती कॅरिअरवर बसली होती आणि तिने माझा शर्ट मागून मुठीत धरला होता. मी म्हणालो, "मीच आलो होतो सोनाली. तुझं बरोबर आहे. तुला अगदी बरोबर आठवतंय."

ती हसली. म्हणाली, "राहू द्या पप्पा, मला बरं वाटावं म्हणून म्हणताय तुम्ही. माझ्या आठवणीचं काय खरंय? मामाच असेल."